महामारीसाठी नवा कायदा केला म्हणजे देश सज्ज झाला का?

आपण विचारले आहे की, साथीच्या वेळी सरकार अजून १८९७ चाच साथरोग कायदा का वापरते आणि नवा कायदा आल्यास पुढच्या महामारीची तयारी झाली असे म्हणता येईल का. मी बडोद्यात एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, तेव्हा उत्तर त्या बाजूने देतो.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि त्या घाईत हा जेमतेम चार कलमांचा कायदा झाला. राज्य सरकारला हवे ते तात्पुरते नियम करण्याची मुभा तो देतो, म्हणूनच तो टिकला. आमच्याच जिल्ह्यात, वाघोडिया तालुक्यातील एका गावी २०१८ मध्ये ३१ जणांना कॉलऱ्याची लक्षणे दिसली, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी याच कायद्याखाली ते गाव कॉलराग्रस्त जाहीर केले. एवढ्या कामाला तो पुरतो. मात्र 'धोकादायक साथीचा रोग' कशाला म्हणावे हे त्यात नाही, आणि खाटा, ऑक्सिजन, प्रशिक्षित माणसे यांची तजवीज कोणी ठेवायची याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. केंद्राचे अधिकार त्यात जवळपास बंदरे व जहाजांपुरतेच होते. त्यामुळे मार्च २०२० ची टाळेबंदी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली करावी लागली.

नीती आयोगाच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये स्वतंत्र कायदा सुचवला असून साथीच्या पहिल्या १०० दिवसांवर भर दिला आहे. तो कायदा हवाच. पण हे १०० दिवस मोजायला सुरुवात कधी करायची, हे ठरते खालून येणाऱ्या माहितीवर. त्यासाठी २००४ पासून रोग सर्वेक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे : आरोग्यसेविका लक्षणांचा 'एस' फॉर्म भरते, डॉक्टर संशयित रुग्णांचा 'पी' आणि लॅब खात्रीच्या निदानाचा 'एल'. २०२१ पासून हे सारे एका पोर्टलवर आले.

आता प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. टायफॉइडचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की मी नोंद करतो, पण रुग्णाने काउंटरवर पत्ता म्हणून नुसते 'मांजलपूर' असे शहरातल्या भागाचे नाव लिहिलेले असते. पाण्याची कोणती लाइन दूषित आहे हे शोधणाऱ्याला सोसायटीचे नाव हवे, आणि ते विचारायला गर्दीच्या वेळी कोणालाही सवड नसते. बरे, माहिती कळवल्यावर तिचे पुढे काय झाले, हे लॅबला बहुधा कधीच कळत नाही. मग नोंद आज करायची ती परवावर जाते.

क्षयरोगाचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. खासगी डॉक्टरांनी रुग्ण कळवणे २०१२ पासून सक्तीचे आहे, पण नुसत्या सक्तीने फारसे हलले नाही. प्रत्येक नोंदीमागे ५०० रुपये मानधन आणि पाठपुरावा करणारी माणसे मिळू लागल्यावर खासगी नोंदी पुष्कळ वाढल्या. नव्या कायद्याचा मसुदा आला की दंडाच्या रकमेआधी मी त्यात लॅबने कळवलेल्या नोंदीला किती तासांत आणि कोणी उत्तर द्यायचे, ते कलम शोधीन.