औद्योगिक मानसशास्त्राची सुरुवात कुठून झाली?

सांगलीत कुपवाड एमआयडीसीत भरतीचं काम करताना तुम्हाला हा प्रश्न पडला, हे फार चांगलं झालं. मला यात मुन्स्टरबर्ग हा जर्मन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ट्रामचालक निवडायला त्याने चाचणी बनवली. सरकत्या पट्टीच्या खिडकीतून कार्डावरचे आकडे दिसायचे: 1 म्हणजे पादचारी, 2 घोडा, 3 मोटार. रुळावर कोण येईल, हे उमेदवाराने झटपट ओळखायचं. 1913 मध्ये या विषयावरचं त्याचं इंग्रजी पुस्तक आलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सैनिकांच्या सामूहिक बुद्धिमत्ता चाचण्या घेतल्या. 1924 पासून शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या प्रयोगांनी कामगारांच्या आपसातल्या संबंधांकडे लक्ष वळवलं. तुम्हीही लेथ ऑपरेटर निवडताना नुसत्या मुलाखतीवर जाऊ नका. ड्रॉइंग हातात द्या, छोटा जॉब, म्हणजे एखादा सुटा भाग, करून घ्या आणि व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापं घेण्याच्या साधनाने, मापंही त्यालाच घ्यायला लावा.