जुना ट्रॅक्टर घ्यायचा म्हणतोस तर

काय रे,

तुझा मेसेज वाचला, फोटो पण बघितले. तू बघितलेला एचएमटी 2511 ट्रॅक्टर चकाचक दिसतोय, आणि नेमकी तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. चाळीस-पन्नास वर्षं शेतात राबलेल्या गाडीला कुणी विकायच्या तोंडावर रंग मारला की समजायचं खाली काहीतरी झाकलंय. रंग उडालेला, उन्हात पडून राहिलेला, पण एकाच मालकाकडचा ट्रॅक्टर दिसला तर तिथं आधी थांब.

स्वस्तात माल कधी मिळतो माहितीये का? साखर कारखान्याचा पट्टा पडला की, म्हणजे उसाचं गाळप बंद झालं की, मार्च-एप्रिलात. ऊस ओढणाऱ्यांचे हप्ते थकलेले असतात, गाडी दारात नुसती उभी असते. मे संपत आला की पेरणीमुळे भाव परत वर. पण ऊस ओढलेली गाडी ओळखायला शीक, मागं ट्रॉलीची पिन बसते ते भोक बघ, गोल असेल तर ठीक, लांबट अंड्यासारखं झालं असेल तर दोन-दोन ट्रॉल्या ओढल्यात, म्हणजे क्लच आणि गिअरबॉक्सचा खर्च आत्ताच भावातून वजा कर.

गेल्या गेल्या इंजिनवर हात ठेव. गरम लागलं तर मालकानं तू यायच्या आधी चालू करून ठेवलंय, कारण थंड इंजिन खोटं बोलत नाही. सेल्फवर किती वेळ घेतो ते बघ, धूर बघ, निळा धूर येतच राहिला तर ऑइल जळतंय. मग ऑइल टाकायचं झाकण काढ, तिथनं भकाभका वाफ मारत असेल तर रिंगा-लायनर गेलेत, म्हणजे इंजिन आतनं झिजलंय. हायड्रोलिकला नांगर अडकव, वर उचल, इंजिन बंद कर आणि मालकाबरोबर निवांत चहा पी. चहा संपेपर्यंत नांगर जमिनीला टेकला तर पुढं बोलणं वेगळ्या भावात.

आयशरचा जुना एक सिलेंडरवाला पण स्वस्तात मिळतो, तो एअर कूल्ड, रेडिएटरच नाही, गडी साधा आहे. एचएमटीचं म्हणशील तर 2016 ला सरकारनं ट्रॅक्टरचा धंदा गुंडाळला, त्यामुळं आपल्या तालुक्यात स्पेअर कोण ठेवतो ते आधी विचार, मग प्रेमात पड.

आता कागद. मी एकदा इंटरनॅशनल बी-275 ट्रॅक्टर घेतला होता, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, फायनान्सचा बोजा होता, विकणारा म्हणाला कर्ज कधीच फिटलंय, एनओसी, म्हणजे फायनान्सवाल्याचा ना-हरकत दाखला, आठवड्यात आणून देतो. चौदा महिने चपला झिजवल्या रे. म्हणून बोजा असेल तर एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय विसार सुद्धा द्यायचा नाही, गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या समोर घ्यायच्या, चेसिस नंबर चिंधीनं पुसून आरसीशी स्वतः जुळवायचा.

आणि हो, भंगारवाल्याकडं चक्कर मारत जा. जुने लोखंडी नांगर किलोवर जातात तिथं. किर्लोस्करांनी 1903 ला बनवायला घेतलेल्या नांगराच्या जातीतला एखादा सापडला तर मला फोन कर, तो मी घेणार.

रविवारी जाऊया. मालकाला नऊला येतो म्हणून सांग, आपण साडेसातलाच पोचू.

तुझा मामा