बाळ जन्मल्यावर लगेच त्याचा पूर्ण जीनोम (म्हणजे सगळा डीएनए) तपासून घ्यावा का? टाचेच्या रक्ताची तपासणी पुरेशी नाही का?

आधी टाचेची तपासणी करा, जीनोमचं नंतर बघू. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. टाचेच्या थेंबात रक्तातली रसायनं मोजतात, म्हणजे बिघाड प्रत्यक्ष सुरू झालाय का ते कळतं. जीनोममध्ये फक्त जनुकाचं स्पेलिंग वाचतात. जन्मजात थायरॉइडची कमतरता घ्या: बहुतेक बाळांत त्यामागे एकच असं बिघडलेलं जनुक सापडत नाही, त्यामुळे महागडा जीनोम ती चुकवू शकतो. टीएसएचची (थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकाची) साधी चाचणी मात्र ती पकडते, आणि रोजची एक गोळी बाळाची बुद्धी वाचवते.

उलट रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कर्करोग. त्याच्या आनुवंशिक प्रकाराची खूण टाचेच्या चाचणीत दिसणारच नाही, पण आरबी१ जनुकात दिसते. मग पहिल्या आठवड्यांपासून डोळे तपासत राहता येतं. खरा फायदा इथे आहे.

इंग्लंडमध्ये 'जनरेशन स्टडी' या संशोधन प्रकल्पात १ लाख नवजात बाळांचे जीनोम वाचायचं ठरलं. रक्त बहुधा नाळेतून घेतात आणि शोधतात दोनशेहून थोडे जास्त आजार, तेही लहानपणीच दिसणारे आणि ज्यांवर काही करता येतं असेच. चाळिशीत होऊ शकणारा आजार मुद्दाम बघत नाहीत. मला हे पटतं. तो निर्णय मुलाने मोठेपणी घ्यावा.

शिवाय जीनोम वाचताना अर्थ न लागणारे बदलही खूप सापडतात. घरात आनुवंशिक आजार असेल, तर मात्र थांबू नका, जेनेटिक समुपदेशकाला भेटा.