जुन्या कम्पायलरचा सोर्स सापडला तर तो 'साफ' करू नका
तुमचे प्रश्न दोन: सत्तरच्या दशकातल्या सी कम्पायलरचा (सी भाषेतला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) मूळ सोर्स, म्हणजे माणसानं लिहिलेला कोड, खरंच मिळतो का, आणि काकांच्या खोक्यातल्या फ्लॉपींवर तसलं काही असलं तर काय करायचं?

पहिल्याचं उत्तर: हो, मिळतो. १९७२-७३ च्या सुमाराचे दोन सी कम्पायलर खुद्द सी भाषेचे जनक डेनिस रिची यांनी सगळ्यांसाठी खुले केले. ते डेकटेप या जुन्या चुंबकीय टेपांवर होते. पॉल विक्सी आणि कीथ बॉस्टिक यांनी त्या टेप वाचणारा ड्राइव्ह मिळवून व्हॅक्स या संगणकाला जोडला, म्हणून तो मजकूर हाती आला. टेपांची नावं 'लास्ट११२०सी' आणि 'प्रीस्ट्रक्ट-सी'. पहिली म्हणजे पीडीपी-११/२० हा संगणक सोडण्याआधीची शेवटची प्रत, दुसरी कम्पायलरच्या स्वतःच्या कोडमध्ये स्ट्रक्चर (अनेक मूल्यांचा एकत्र गट, सीमध्ये 'स्ट्रक्ट') वापरायला लागण्याच्या जरा आधीची. एवढ्या दोन शब्दांच्या लेबलांवरून कोणती प्रत कधीची याचा माग लागतो.

हा कोड जरूर उघडून वाचा. पहिल्यात 'स्ट्रक्ट' हा शब्दच नाही. आकड्यांना नावं देऊ देणारा प्रीप्रोसेसर तेव्हा नव्हता, त्यामुळे टोकनना (भाषेतले शब्द-चिन्हं) नावं नाहीत, जागोजागी नुसते आकडे. जागा वाचवायला कम्पायलर स्वतःच्याच सुरुवातीच्या कोडवर तात्पुरता डेटा लिहितो! कुणी सद्हेतूनं आकड्यांना नावं दिली असती, रचना 'सुधारली' असती, तर भाषा कशी घडत गेली याचा पुरावाच पुसला गेला असता. तसंच जुन्या फोरट्रान या भाषेत पंचकार्डावरचे ७३ ते ८० हे रकाने कम्पायलर वाचत नाही, पण कार्डांचे क्रमांक तिथेच असतात. तेही छाटू नका.

आता तुमच्या फ्लॉपी. चालू पीसीत घालून फाइली कॉपी करत बसू नका. आधी राइट-प्रोटेक्ट बघा: ५.२५ इंचीवर खाच चिकटपट्टीनं झाकली की लिहिणं बंद होतं, ८ इंचीवर नेमकं उलटं. मग ग्रीसविझल किंवा क्रायोफ्लक्स या फ्लॉपी वाचणाऱ्या उपकरणांनी चुंबकीय फ्लक्सच (डिस्कवरचे कच्चे चुंबकीय बदल) उतरवून घ्या, चेकसम (प्रत बदलली नाही हे तपासायचा आकडा) काढा आणि ती प्रत अस्पर्श ठेवा. पुढचं सगळं काम दुसऱ्या प्रतीवर. बुरशी दिसली तर ड्राइव्हमध्ये घालूच नका, जाणकाराकडे द्या. खोक्यात प्रिंटआउट असले तर टाकू नका. १९७२ मधलं युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नल (तिचा गाभा) २००८ मध्ये कागदावर छापलेल्या कोडवरूनच पुन्हा उभं राहिलं.

आणखी एक: कम्पायलर स्वतःच्याच भाषेत लिहिलेला असेल तर त्याला जन्म द्यायला जुना बायनरी (आधीच मशीनच्या भाषेत तयार असलेला कम्पायलर) लागतो. म्हणून सोर्सबरोबर बायनरी, लिंकर (कोडचे तुकडे जोडणारा प्रोग्रॅम), मॅन्युअल, सगळं जपा. चालवून बघायला पीडीपी-११ साठी सिमएच हा एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आहे.

मालकी हक्काचा प्रश्न सोडवल्याशिवाय जाहीर करू नका. जुन्या युनिक्सला २००२ मध्ये कॅल्डेरा या कंपनीनं मोकळा परवाना दिला, म्हणून तो आज बिनधास्त वाटता येतो. तुमच्या फ्लॉपींना तसा असेलच असं नाही. पण फ्लक्सची प्रत आजच काढून ठेवायला हरकत नाही. परवानगी नंतरही मिळेल, चुंबकीय थर मात्र थांबणार नाही.

लेबलांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून पाठवा, कोणत्या मशीनच्या आहेत ते बघून सांगतो.