‘48 तासांत घरपोच’ असं लिहावं का?

तुम्ही घरगुती लोणची-मसाले ऑनलाइन विकता, जाहिरातीत ‘48 तासांत घरपोच’ लिहिलंय आणि माल वेळेत निघत नाही, तर कामाची घडी कशी बसवायची, असं विचारलंय. माझा धंदा लोणच्याचा नाही. देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे, तिथली काढणी आणि पेट्या भरणं मी बघते. पण तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

2023 ची अक्षय्य तृतीया 22 एप्रिलला होती. दादा पुण्यात राहतो, ऑर्डरी तोच घेतो. मार्चमध्येच त्याने सगळ्यांना मेसेज पाठवला, ‘गवताच्या आढीत पिकवलेला हापूस, तृतीयेच्या आदल्या दिवशी घरपोच.’ 210 पेट्यांचे पैसे जमा झाले, आणि मग मला कळवलं.

आता हिशेब बघा. आम्ही फळाची तयारी आण्यांत मोजतो, सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार. चौदा आणे तयार झालेलं फळ आढीत, म्हणजे गवताच्या थरांत, पिकायला आठ-दहा दिवस घेतं. एक रात्र टेम्पोत, एक दिवस पुण्यात वाटायला. म्हणजे 10 तारखेपर्यंत फळ उतरायला हवं. आणि आमचा पहिला मोहोर त्या वर्षी गळला होता. दुसऱ्या मोहोराची फळं तेव्हा जेमतेम दहा आण्यांवर.

120 पेट्यांचा माल निघाला. उरलेल्याचं काय, विचारलं तर दादा फोनवर म्हणाला, “काढ गं, आढीत पिकेलच.” मी दहा आंबे पाण्याच्या बादलीत टाकले. तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. दहातले सात वर आले. आमचा जुना गडी बघून म्हणाला, “ताई, ह्यो पिकाचो नाय, सुरकततलो.” तरी काढले. मीच काढायला लावले.

तृतीयेच्या दुपारी कोथरूडहून एका आजींचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. “अगं, आमचे हे गेल्यापासून पहिलीच तृतीया. त्यांच्या नावाने पान वाढलं होतं. आंबा कापला तर आत पांढरा. रस निघालाच नाही गं.” मला बोलता आलं नाही. पैसे 90 पेट्यांचे परत केले, पण ते पान कसं परत करणार?

दादाचा उपाय काय, तर पुढच्या वर्षी पुण्यात इथिलीनच्या, म्हणजे फळ पिकवणाऱ्या वायूच्या, चेंबरमध्ये पिकवू. त्यात बेकायदा काही नाही. बंदी कार्बाइडवर आहे, इथिलीन ठरलेल्या प्रमाणात चालतं. पण मग ‘गवताच्या आढीत’ हे शब्द काढ, म्हटलं. ते त्याला नको होतं. आमचं वाजलं ते तिथे.

माझं मत स्पष्ट आहे. शब्द देणाऱ्याने आधी माल भरणाऱ्याला विचारलं पाहिजे. आता ऑर्डरची यादी माझ्याकडे असते. काढणी झाली, पेट्या मोजल्या, की तेवढ्याच लोकांना तारीख कळवते. बाकीचे थांबतात किंवा पैसे परत घेतात. तुम्हीही महिनाभराच्या ऑर्डरी वहीत उतरवा. ऑर्डर किती वाजता आली, बरणी कधी भरली, कुरिअरवाल्याने कधी उचलली. त्यातला सगळ्यात वाईट आठवडा धरा आणि जाहिरातीत तो आकडा लिहा.

दादा अजून म्हणतो, तारीख सांगितली नाही तर गिऱ्हाईक जातं. खरंय, पुढच्या हंगामात ऑर्डरी 150 वर आल्या. पण एकाही पेटीचे पैसे परत द्यावे लागले नाहीत. हे सांगितलं की तो जेवायला काय आहे विचारतो.

एक राहिलं. लोणचं झाडावर पिकत नाही, तेव्हा माझं सगळंच तुम्हाला लागू होईल असं नाही. मुरलेल्या बरण्या तयार असतील तर तुमचे 48 तास जमतीलही, मात्र ते बरणी उचलल्यापासून मोजता की पैसे आल्यापासून, ते जाहिरातीत लिहा. रविवारी कुरिअर उचलत नसेल तर तेही.