लार्ज फॉरमॅट कॅमेरा वाऱ्यात हलू नये म्हणून किती किलोचा ट्रायपॉड घ्यावा?

तुम्ही डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर ४×५ (चार बाय पाच इंची फिल्मचा लार्ज फॉरमॅट कॅमेरा) नेताय, कोकणकड्यावर वारा असतो, तर तीन किलोचा ट्रायपॉड चालेल की सहा-सात किलोचा घ्यावा, असं विचारलंय. 'किती किलो' हे शब्द वाचले आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. याच किलोंवरून मी भर वर्गात ऐकून घेतलंय.

ज्यांनी मला लार्ज फॉरमॅट शिकवलं त्या सरांचं ठाम मत होतं: फोटो हलला म्हणजे ट्रायपॉड हलका. दाखल्याला सॅम्युअल बोर्न, एकोणिसाव्या शतकातला इंग्रज छायाचित्रकार. १८६६ मध्ये हिमालयातल्या मणिरंग खिंडीत, १८ हजार फुटांवर, ओल्या काचेच्या प्लेटवर फोटो काढणारा. बोर्नकडे डझनावारी हमाल होते, हे सर सांगत नसत. माझी कोकणकड्याची हललेली निगेटिव्ह त्यांनी लाइट टेबलवर ठेवली, लूप, म्हणजे छोटं भिंग, लावून पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वजन पेलत नसेल तर छोटा कॅमेरा घे. बायकांना ही सक्ती कुणी केलीय?"

त्या दिवशी काही बोलले नाही. २०१४ च्या डिसेंबरात परत गेले. पाचनईतून चढले, सोबत गावातले एक मामा होते. लेन्स मुद्दाम तीच, ३०० मिमी, कारण मला कमानीचा पलीकडचा कातळच हवा होता. ३०० ची साधी लेन्स म्हणजे लांबचा फोकस धरला तरी बेलोज (लेन्स आणि फिल्म यांच्यामधली घड्यांची कापडी नळी) फूटभर बाहेर. ट्रायपॉडही तोच, तीन किलोचा. सरांनी सांगितल्याप्रमाणे आठ किलोची सॅक खालच्या हुकला टांगली.

काळ्या कापडात शिरून ग्राउंड ग्लासवर, म्हणजे चित्र दिसतं त्या मागच्या दुधी काचेवर, लूप टेकवला तर कड्याची धार थरथरत होती. बाहेर येऊन पाहिलं. सॅक झुलत होती आणि मधूनच ट्रायपॉडच्या पायावर आपटत होती. ती काढली. आपटणं थांबलं, थरथर राहिलीच. पायाला हात लावला, तो गप्प. मग पुढच्या स्टँडर्डवर, म्हणजे लेन्स धरणाऱ्या चौकटीवर, लेन्सबोर्डच्या कडेला, नुसतं बोट टेकवलं, आणि तिथे सापडलं. बेलोजची वाऱ्याकडची बाजू आत दबायची, सुटायची, पुन्हा दबायची, लोहाराच्या भात्यासारखी. दर दाबाला लेन्स केसभर हलायची. केसभर पुरतं.

तेवढ्यात मामांना थंडी वाजली. ते वाऱ्याच्याच बाजूला उभे होते. घोंगडी उलगडून अंगावर घ्यायला त्यांनी दोन्ही हात पसरले आणि ग्राउंड ग्लासवरचं चित्र एकदम थांबलं. मी कापडातूनच ओरडले, "मामा, तसेच उभे राहा!" मग त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, थरथर सुरू. परत बोलावलं, बंद. तीनदा केलं. मामा वैतागले, "ताई, हितं उभं ऱ्हायचं का तितं, येकदा काय ते सांगा."

सूर्य बुडाल्यावर फिल्मच्या दोन शीट काढल्या, दोन्ही एफ ३२ ला (लेन्सचं छिद्र बरंच बारीक), दोन सेकंद. एक उघड्यावर, एक घोंगडीच्या आड. पहिलीत कड्याची धार दुहेरी आलीय. दुसरीत कातळातल्या आडव्या रेघा एकेक मोजता येतात. (काठावरचं गवत दोन्हीत हललंय, त्याला इलाज नाही, मला ते आवडतंही.) सरांना दोन्ही दाखवल्या. म्हणाले, "वारा पडला असेल तेव्हा." वारा पडला नव्हता. ट्रायपॉड तोच होता, वजन तेच होतं.

तेव्हा तुम्ही किलो मोजण्याआधी बेलोज मोजा. १५० मिमीची लेन्स लावलीत तर वाऱ्याला सापडणारा बेलोज निम्म्यावर येतो, आणि कॅमेरा तेवढ्याच कोनातून डोलला तरी चित्र निम्मंच सरकतं. ट्रायपॉड बसून वापरायच्या उंचीवर ठेवा, मधला दांडा वर काढूच नका. फोकस झाला की काळं कापड पूर्ण काढा, ते शिडासारखं भरतं. सॅक टांगायचीच तर खाली जमिनीला टेकलेली हवी. केबल रिलीज (शटर दाबायची तार) सैल धरा. डार्क स्लाइड (फिल्मवरचं झाकण) ओढून ठेवा आणि दोन झोतांमधली शांतता येईपर्यंत थांबा, ती येते.

आणि एफ ३२ चा हट्ट सोडा. १०० आयएसओच्या फिल्मवर एफ ३२ ला लाइट मीटर एक सेकंद सांगत असेल, तर ४०० ची फिल्म आणि एफ २२ घेऊन तेच काम एक अष्टमांश सेकंदात होतं. मी वापरली ती फोमापॅन १०० होती. लांब एक्स्पोजरला ती मंदावते: मीटरने सांगितलेल्या एका सेकंदाचे दोन द्यावे लागतात, म्हणून माझे दोन सेकंद. १० सेकंद सांगितले तर ८० द्यावे लागतात. वाऱ्यात ही फिल्म नेऊ नका.

हे सगळं ४×५ च्या लाकडी फील्ड कॅमेऱ्याबद्दल. ८×१० असेल तर माझा तीन किलोचा ट्रायपॉड खरंच अपुरा आहे, तिथे सरांचं बरोबर. कोकणकड्यावर वारा दरीतून वर चढतो, त्यामुळे अगदी काठावर नुसता बाजूचा आडोसा पुरत नाही. दहा-पंधरा पावलं मागे जागा शोधा. मागे राहायचं दुसरंही कारण आहे: कापडात डोकं असताना पाय कुठे सरकतोय ते कळत नाही. मामांनी घोंगडी धरली होती तेव्हा त्यांच्या आणि काठाच्या मध्ये मी पुरेसं अंतर ठेवलं नव्हतं. ती माझी चूक होती. सोबत येणाऱ्याला आधी दरीपासून लांब उभं करा, मग कॅमेरा लावा.