पहिल्या गोड छाटणीआधी

भावा, द्राक्षबागेच्या गोड छाटणीची, म्हणजे घड धरायच्या छाटणीची, नेमकी तारीख कुठली धरू, असं विचारलंस. खरं सांगू? बावीस हंगाम झाले, मलाही ती सापडलेली नाही. सप्टेंबरात घेतली तर परतीचा पाऊस कोवळ्या फुटीत गाठतो. ऑक्टोबरात घेतली तर सगळ्यांचाच माल एकदम निघतो आणि दर झोपतो.

पहिली काही वर्षं मी रात्र रात्र मोबाईलवर हवामान बघत बसायचो. एकदा अंदाज कोरडा म्हणून फवारणी पुढं ढकलली, आणि ऐन फुलोऱ्यात दोन दिवस झिमझिम. सकाळी घडाला बोट लावलं की कळ्या मातीत. पानामागं दावण्या रोगाची पांढरी बुरशी. बांधावर बसून रडलो, लाजायचं काय त्यात. पण पान उलटून बघायची सवय त्याच वर्षी लागली; ॲपनं ती कधीच लावली नसती.

आता बागेचे तुकडे करून बारा-पंधरा दिवसांच्या अंतरानं छाटतो. एक फसला तर दुसरा तारतो. दर नाहीच बसला तर बेदाणा. साधारण चार किलोला किलोभर उतरतो, तासगावच्या सौद्यात, म्हणजे लिलावात, नेता येतो.

तास-ए-गणेश हा द्राक्षाचा वाण ठाऊक आहे ना? आपल्याच तालुक्यात, बोरगावात, थॉमसन या बिनबियांच्या वाणात आपोआप झालेल्या बदलातून निघाला तो. ठरवून नाही.

तू एक वही घाल. चुकलेले अंदाज आधी लिही. आणि ढग आले की मला फोन करू नकोस, मी बागेत असतो, उचलणार नाही.